वाचकांचे प्रश्न : पुराची ओल, बद्द घंटा आणि तीनदा विकलेला नारळ

प्रश्न : सलाम. आमचे चर्च कृष्णाकाठी आहे. २०१९ च्या पुरात आत चार फूट पाणी होते, २०२१ ला पुन्हा शिरले. नंतर वर्गणी काढून आतल्या भिंतींना कमरेच्या वरपर्यंत सिमेंटचा गिलावा केला आणि त्यावर ऑइलपेंट मारला. आता पोपडे सुटतात, पांढरा खार फुटतो, आणि ओल गिलाव्याच्याही वर, खिडकीपर्यंत चढली आहे. वॉटरप्रूफिंगचे केमिकल मारावे का?
— एक पंच, पलूस तालुका

उत्तर : मारू नका. तुमची भिंत जुनी आहे. दगड-विटा चुन्यात बसवलेल्या असणार. अशी भिंत पाणी पिते आणि उन्हाळ्यात ते सांध्यांतून बाहेर टाकते. सिमेंट आणि ऑइलपेंटने ती वाट बंद झाली. कोंडलेले पाणी वर सरकले आणि जिथे गिलावा संपतो तिथे बाहेर आले. केमिकल मारलेत तर ते आणखी फूटभर वर जाईल, एवढेच.

दिवाळीनंतर सिमेंट काढायला घ्या. ओलीची रेघ जिथे आहे तिच्या दोन फूट वरपर्यंत सगळे उतरवा. छिन्नी-हातोडीनेच, ब्रेकर लावला की मागच्या विटांचे कोपरे सुटतात. सांधे पाऊण इंच खोल खरवडा. खार कोरड्या ताठ ब्रशने झाडून पोत्यात भरा आणि आवाराबाहेर टाका. बहुतेक जण इथेच पाण्याचा पाइप लावतात. पाण्यात खार विरघळतो आणि परत भिंतीत जातो.

मग भिंत उघडी ठेवा. दीड-दोन फुटी भिंत इंचाइंचाने सुकते, म्हणून हिवाळा आणि उन्हाळ्याचा बराचसा भाग द्यावा लागतो. नाताळ उघड्या भिंतीत करावा लागेल. मंडळीत कुरकुर होईल, ती होऊ द्या.

तोवर चुना मुरत घाला. कळीचा (न विझवलेला) चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही. तो उकळून उडतो आणि डोळा जाऊ शकतो. गॉगल आणि हातमोजे हवेतच. लगदा पाण्याखाली झाकून किमान पंधरा दिवस, जमल्यास दोन-तीन महिने ठेवा. गिलाव्याला १ भाग लगदा, १ भाग सुरखी (भाजक्या विटांची पूड), २ भाग धुतलेली, चाळलेली वाळू. भिंत आधी ओलसर करून अर्ध्या इंचाचा पहिला हात द्या, आठवड्याने दुसरा. दोन्ही वेळा ओली गोणपाटे टांगून निदान सात दिवस सावकाश सुकू द्या. घाईने सुकला तर भेगा पडतात आणि दोष चुन्याला जातो. गवंडी ‘पकड यावी म्हणून’ घमेलेभर सिमेंट टाकू पाहील. मिश्रण कालवताना एका पंचाने तिथे उभे राहावे. शेवटी रंग चुन्याच्या सफेदीचाच. डिस्टेंपर किंवा प्लास्टिक पेंट नको.

आता बाहेर या. जोते, म्हणजे पायाचा जमिनीवरचा भाग, किती दिसते? बऱ्याच गावांत आवारात मुरूम टाकून टाकून जमीन चढलेली असते, त्यावर निधीतून आलेले पेव्हिंग ब्लॉक थेट भिंतीला भिडवलेले असतात, आणि पन्हळीचे पाणी त्यावरूनच भिंतीत मुरते. भिंतीलगतची दोन फुटांची पट्टी उकरा, जोत्याचे सहा इंच उघडे करा, उतार बाहेरच्या बाजूला द्या. हे न करता आतला गिलावा कितीही चांगला केलात तरी तो टिकणार नाही.

प्रश्न : ईस्टरच्या पहाटे तरुण संघाने तासभर घंटा वाजवली. तेव्हापासून ती बद्द वाजते. वेल्डिंग करून मिळेल का?
— मंडळीच्या चिटणीस, वाई तालुका

उत्तर : आधी तडा आहे का ते बघा. कधी वरचे बोल्ट ढिले झालेले असतात, कधी घंटा चौकटीला टेकते, तेवढ्यानेही आवाज मरतो. काठ पुसून रॉकेल लावा, कोरडे करा, वर खडूची भुकटी चोळा. तडा असेल तर त्यातले रॉकेल झिरपून खडूवर काळसर रेघ उठते.

रेघ उठली तर त्या दिवसापासून घंटा बंद. काशाच्या घंटेत साधारण ७८ टक्के तांबे आणि २२ टक्के कथील असते. हा धातू ठिसूळ. गावच्या वेल्डरने एका जागी उष्णता दिली की तडा लांबतो. मात्र लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर घंटा काशाची नाही, पोलादाची किंवा बिडाची आहे, आणि तिचा उपाय वेगळा. काशाची असेल तर ओतकाम जाणणाऱ्यालाच दाखवा.

कारण बहुधा दोरी. ती थेट लोलकाला, म्हणजे घंटेच्या आत लोंबणाऱ्या दांड्याला, बांधून खाली ओढली की टोला बसल्यावरही लोलक काठाला दाबून राहतो. घंटेला थरथरायला जागा मिळत नाही आणि ती फुटते. दोरी घंटेच्या आडव्या दांड्याला लावलेल्या तरफेला हवी, म्हणजे घंटा झुलेल आणि लोलक आपटून मोकळा होईल. टोला काठाच्या सर्वांत जाड पट्ट्यावर पडला पाहिजे. वर्षानुवर्षे एकाच जागी पडून तिथे खळगा झाला असेल तर घंटा पाव फेरा फिरवून टांगा.

प्रश्न : हंगामाच्या सणाला चर्चमध्ये दान आलेल्या वस्तूंच्या लिलावाचा हिशेब दरवर्षी चुकतो. बेदाणा, शाळू, कोंबड्या, सगळे भराभर विकले जाते. यंदा एक नारळ तीनदा विकला आणि वाद झाला.
— खजिनदार, तासगाव तालुका

उत्तर : नारळ तीनदा विकला जाणे ही चूक नाही. घेणाऱ्याने तो परत वेदीवर ठेवला की ते नवे दान, आणि प्रत्येक विक्रीची नोंद व पावती वेगळी. घोटाळा होतो तो ‘नारळ’ एकदाच लिहून रक्कम खोडत गेल्याने. वस्तूला नाही, बोलीला क्रमांक द्या. पुकारणारा एक, लिहिणारे दोन, दोन वेगळ्या वह्यांत. दर वीस बोलींनंतर ताळा. उधारीचा रकाना स्वतंत्र, त्यात नाव आणि सही. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच लावा, खजिनदाराच्या फोनचा चालणार नाही. रोकड तिथेच दोघांनी मोजून सही करायची, मग आभाराची प्रार्थना. घरी नेऊन मोजू नका, तुम्ही कितीही सरळ असलात तरी.

प्रश्न : लग्नविधी संध्याकाळी साडेसातला ठेवता येईल का?
— वधूपिता, मिरज

उत्तर : १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशी आहे. काही पंथांना खास परवान्याची सवलत आहे, पण त्या भरवशावर पत्रिका छापू नका. विधी पाचला, जेवण साडेसातला.

प्रश्न : बाप्तिस्म्याच्या शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदवहीची पाने तुटत आहेत. लॅमिनेशन करावे का?
— पाळक, जावळी तालुका

उत्तर : नको, सेलोटेपही नको. प्लास्टिक एकदा चिकटले की पानाला इजा न करता निघत नाही. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता प्रत्येक पानाचा फोटो घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. दाखला देताना फोटोवरून नक्कल करा, वही उघडू नका. वही धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात गुंडाळून आडवी ठेवा. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे. जावळीच्या पावसात भिंतीला टेकलेले कपाट श्रावणापर्यंत आतून बुरसटते. आणि जुन्या नोंदीत नाव चुकलेले दिसले तरी खाडाखोड करू नका. समासात दुरुस्ती, तारीख आणि तुमची सही.