"माह्या पोरीचं डोकंच कमी हाय का, मॅडम?"

हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडच्या खेड्यांत मला नेहमी ऐकू येतो. त्यातलीच ही एक आई. मजुरी करणारी, पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीत. शेजारच्या गुरुजींच्या पोरीले ९० टक्के अन् हिले ५८, वर्ग एक, मास्तर एक, मंग काहून असं होते?

मी पोरीशी बोलले. सरळव्याजाचं गणित दिलं तर वहीकडे बघत गप्प. मग सहज विचारलं, आईनं ४१ किलो कापूस वेचला, ९ रुपये किलोनं, दीडशे उचल घेतली होती, हाती किती येतील? वर बघायच्या आत उत्तर, २१९. वेचणीच्या दिवसांत घरचा हिशोब हीच ठेवते, शाळा बुडते तीही तेव्हाच.

गुरुजींच्या पोरीनं कोणाचं काही हिसकावलं नाही, तिनंही मेहनत केलीय. पण तिच्या घरात फॉर्म कधी निघतो हे माहीत असणारा माणूस आहे ना! नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेचंच घ्या, सहावीतल्या प्रवेशासाठी पाचवीतच परीक्षा द्यावी लागते. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात खऱ्या, पण त्या ग्रामीणमध्ये गुरुजींची पोरगीही येते आणि मजुराचीही. या आईला नवोदयचं नावच माहीत नव्हतं, आता सहावीच्या प्रवेशाची वेळ निघून गेली.

म्हणून आईला सांगितलं, डोक्याचं सोडा, आधी एनएमएमएस या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरा. आठवीतच परीक्षा असते, जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरं बसू शकतात, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे, लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये पोरीच्याच खात्यात. उत्पन्नाचा दाखला काढायला सेतूत गेली तर त्या दिवसाची मजुरी बुडते, हे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या लोकांच्या लक्षातच येत नाही. शेवटी वर्गशिक्षकांशी बोलून ते काम मार्गी लावलं, आणि त्या परीक्षेतल्या बुद्धिमत्तेच्या पेपरसाठी जुने पेपर सोडवून घ्यायलाही ते तयार झाले. तो पेपर सरावाचा असतो, पहिल्यांदाच पाहिला की हुशार पोरंही गोंधळतात.

लागेलच असं मी म्हटलं नाही, मेरिट असतं. पण वेचणीत पोरीची शाळा बुडवू नका, हे मात्र बजावून सांगितलं.

"पाहतो ना मॅडम," ती म्हणाली, "पन मंग धाकट्याले कोन पाहीन?"

गावात अंगणवाडी आहे, धाकटा तीन वर्षांचा. पुढच्या खेपेला आधी सेविकाताईंना भेटणार आहे.