‘बारा वर्षं बातमीदारी केली, आता फेलोशिपसाठी उशीर झाला का?’

“वय सदतीस. मराठी दैनिकात बारा वर्षं बातमीदारी केली. गेल्या दिवाळीनंतर शहर पानाची जबाबदारी आली, हाताखाली चार बातमीदार आहेत. फेलोशिपच्या जाहिराती बघते आणि सोडून देते. त्या इंग्रजीवाल्यांसाठी असतात असंच वाटतं. आणि समजा गेलेच तीन महिने, तर परत आल्यावर माझं पान माझ्याकडे राहील का?”

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या एका पत्रकार महिलेचा हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण काळजी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पत्रकारांची आहे.

फेलोशिप म्हणजे पत्रकाराला ठरावीक काळ शिकायला किंवा एखाद्या विषयावर काम करायला पाठबळ देणारा कार्यक्रम. त्यातली वयाची भीती आधी बाजूला काढावी लागते, कारण ती तशी बिनबुडाची आहे. नोकरीच्या मध्यावर असलेल्या पत्रकारांसाठीचे कार्यक्रम उभेच मुळात अनुभवावर राहतात. हार्वर्ड विद्यापीठातली नीमन फेलोशिप 1938 पासून चालते, ऑक्सफर्डला रॉयटर्स इन्स्टिट्यूटची फेलोशिप आहे. दोन्हीकडे किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो. बारा वर्षं ही तिथे जमेची बाजू आहे. खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी निघाली.

आपल्या सर्वांत चांगल्या पाच बातम्या घेऊन या, असं त्यांना सांगितलं होतं. त्या एका पिशवीत कात्रणं घेऊन आल्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक बातम्यांवर त्यांचं नावच नव्हतं. वर फक्त ‘प्रतिनिधी, सोलापूर’. दोन कात्रणांवरची तारीख कापताना गेलेली. ज्या मालिकेचा त्यांना सर्वाधिक अभिमान होता, तिच्या ई-पेपरच्या लिंक आता उघडत नव्हत्या. म्हणजे काम भरपूर झालेलं, पण ते आपणच केलं हे निवड समितीला दाखवायचं कशावरून?

यावर उपाय आहे. बातमी, तारीख, पान क्रमांक असा तक्ता करून ‘या बातम्या यांनीच केल्या आहेत’ असं पत्र संपादकांकडून लेटरहेडवर घ्यावं. कार्यालयातल्या जुन्या अंकांच्या फायलींमधून पूर्ण पानाचा फोटो काढावा, नुसत्या बातमीचा नको, कारण पानावर अंकाचं नाव आणि तारीख दिसते. यापुढे बातमी छापून आली की त्याच दिवशी ई-पेपरचं पान पीडीएफ करून ठेवायचं. फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने तारीख घालायची, म्हणजे फायली आपोआप ओळीने लागतात. बातमीचा परिणाम झाला असेल, रस्ता दुरुस्त झाला, चौकशी लागली, तर ती पाठपुराव्याची बातमी आणि सरकारी आदेशाची प्रत त्याच फोल्डरमध्ये.

तालुका वार्ताहरांचं दुखणं याहून मोठं आहे. अनेकांकडे नेमणूकपत्रच नसतं. मानधन जमा झाल्याच्या बँकेतल्या नोंदी, ओळखपत्र, संपादकांचं अनुभवपत्र आणि असल्यास माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची अधिस्वीकृती पत्रिका (सरकारमान्य पत्रकाराचं ओळखपत्र), एवढं एकत्र केलं तरी पूर्णवेळ कामाचा दावा उभा राहू शकतो. जाहिराती आणून देण्यासाठी मिळालेल्या प्रशस्तिपत्रांचा मात्र इथे काही उपयोग नाही.

मग प्रस्ताव. त्यांनी पहिला मसुदा आणला, त्याचं शीर्षक होतं ‘सोलापूर शहराचा पाणीप्रश्न : एक अभ्यास’. दोन पानं भरून उजनी धरण, लोकसंख्या, महापालिकेची उदासीनता. सगळं खरं, पण यातून नवीन काय कळणार? उजनीसारखं धरण जिल्ह्यात असूनही शहराला वर्षानुवर्षं काही दिवसांआड पाणी मिळालं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. निवड समितीला विषय नको असतो, प्रश्न हवा असतो, आणि तो प्रश्न तुम्हीच का सोडवू शकता हे हवं असतं.

बोलताना एक गोष्ट त्यांनी सहज सांगितली. त्यांच्या गल्लीत पाणी येण्याचा दिवस अचानक बदलला की विड्या वळणाऱ्या बायकांचं त्या दिवसाचं काम मोडतं. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, तेव्हा नळापाशी गेलेला वेळ थेट मजुरीतून जातो. प्रस्ताव इथे होता! दुसरा मसुदा याच प्रश्नावर उभा राहिला: पाणी ठरल्या वेळी न आल्यामुळे घरी विड्या वळणाऱ्या बाईची महिन्याकाठी किती मजुरी बुडते? तीन वस्त्या, प्रत्येकी दहा घरं, चार महिने. प्रत्येक घरात एक वही: पाणी कधी येणार होतं, कधी आलं, त्या दिवशी किती विड्या झाल्या. जोडीला पाणी सोडायची झडप उघडण्याच्या वेळापत्रकाची प्रत महापालिकेकडून माहिती अधिकारात.

माहिती अधिकाराच्या अर्जाला लागणारा वेळ प्रस्तावाच्या वेळापत्रकात आधीच धरावा लागतो. अर्जाचं शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, उत्तर न आल्यास पहिल्या अपिलालाही महिना-दीड महिना जाऊ शकतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, म्हणून ‘पाणीपुरवठ्याची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की अर्ज अडकतो. विभाग, कालावधी आणि हव्या असलेल्या नोंदवहीचं नाव लिहावं. फेलोशिप मिळाल्यावर अर्ज टाकू म्हणणाऱ्यांचा अर्धा कालावधी उत्तराची वाट बघण्यात जातो.

‘तुम्हीच का’ या रकान्यात त्यांनी पुरस्कार लिहिले होते. ते खाली गेले. वर आलं ते असं: मी घरी तेलुगू बोलते, या वस्त्यांमधल्या बहुतेक बायकाही तेलुगू बोलतात, त्यामुळे दुभाष्याची गरज नाही. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू कानावर पडत वाढलेल्या सोलापूरच्या पत्रकाराला ही आपली ताकद आहे हे सुचतच नाही, याचं वाईट वाटतं.

इंग्रजीबद्दल गोड बोलून उपयोग नाही. परदेशातल्या बहुतेक कार्यक्रमांत इंग्रजीत वाचावं, बोलावं, लिहावं लागतं आणि मुलाखतीत ते लगेच कळतं. पण वाट तेवढी एकच नाही. देशातल्या काही रिपोर्टिंग फेलोशिप भारतीय भाषांतल्या कामाला पैसे देतात. तिथे मूळ बातमी मराठीत आणि सोबत इंग्रजी सारांश चालू शकतो. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून संस्थेच्या संकेतस्थळावरचीच अट धरावी, व्हॉट्सॲपवर फिरणारी नव्हे. पत्रकार पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ग्रामीण भारतातल्या बातम्या मराठीसह अनेक भारतीय भाषांत येतात. मोठ्या लांबीच्या लेखाची बांधणी कशी असते हे बघायला ती चांगली जागा आहे. प्रत्येक कात्रणासाठी 150 ते 200 शब्दांचा इंग्रजी सारांश आधी स्वतः लिहावा, मग जाणकाराकडून तपासून घ्यावा. पूर्ण अर्ज एआयकडून लिहून घेतला की त्यातून नेमकी तुमची गल्ली, तुमची माणसं गळून जातात. मुलाखतीत त्यातल्याच एखाद्या वाक्यावर प्रश्न आला की बोलती बंद होते.

नेतृत्वाच्या प्रशिक्षणाबद्दल त्यांची समजूत होती की ते संपादकांसाठी असतं. पण चार जणांच्या कॉप्या, म्हणजे बातम्यांचे मजकूर, बघणारी व्यक्ती नेतृत्वच करत असते. रोजचा दिवस कसा जातो हे विचारल्यावर चित्र स्पष्ट झालं. रात्री नऊला कॉप्या येतात, त्या स्वतःच सगळ्या पुन्हा लिहितात, साडेअकराला घरी. सकाळी बातमीदार अंक उघडतो तर त्याची बातमी बदललेली. का, ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून तीच चूक पुढच्या आठवड्यात परत. आणि या थकतात, चिडतात.

कुठल्याही फेलोशिपची वाट न बघता यात बदल करता येतो. दुपारी बारापर्यंत पंधरा मिनिटांची बैठक, प्रत्येकाने आजची बातमी एका वाक्यात सांगायची. एका वाक्यात सांगता येत नसेल, तर बातमी अजून हातात आलेली नाही. संध्याकाळी सहाला नुसता इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, मागवायचा, पूर्ण कॉपी नंतर. डेडलाइनच्या वेळी फक्त चुका दुरुस्त करायच्या, शिकवायचं दुसऱ्या दिवशी: मूळ कॉपी आणि छापलेली बातमी शेजारी ठेवून, फार तर तीन मुद्दे, चौघांदेखत नाही. कुणाची बदनामी होईल असा मजकूर असेल तर दुसरी बाजू घेतल्याशिवाय पान सोडायचं नाही, हा नियम सर्वांना सारखा. अर्जातल्या ‘तुम्ही काय नेतृत्व केलं’ या प्रश्नाला चार महिन्यांच्या अशा कामाचं उत्तर ‘मी टीमला प्रेरणा देते’पेक्षा कितीतरी वजनदार ठरतं.

खुर्चीची भीती मात्र खरी आहे आणि ती समजूत घालून जात नाही. अर्ज भरण्याआधीच संपादकांशी बोलावं, निवड झाल्यावर नव्हे. सोबत एक पान न्यावं: रजा किती, बिनपगारी की पगारी, त्या काळात पान कोण बघेल, परतल्यावर दैनिकाला काय मिळेल. ‘रजेनंतर याच पदावर रुजू करून घेऊ’ एवढं वाक्य लेखी मागावं. तोंडी ‘बघू नंतर’ मिळालं, तर ज्या फेलोशिपमध्ये आपल्या गावात राहून, नोकरी सांभाळून काम करता येतं तीच निवडावी. घरातही हेच. त्यांच्या सासूबाईंचा आक्षेप शिकण्याला नव्हता, नातवाच्या आठवीच्या परीक्षेला होता. तारखा कागदावर मांडल्यावर तो उरला नाही.

पत्रकारितेचे विद्यार्थी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने विचारतात: कोणता कोर्स? सोलापूर विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेची पदविका आहे. टेक्सास विद्यापीठातल्या नाइट सेंटरचे ऑनलाइन कोर्स बहुतांशी मोफत असतात. निवड न करताच प्रवेश देणारे, फी घेऊन दोन दिवसांत ‘लीडरशिप’चं प्रमाणपत्र हातात ठेवणारे कार्यक्रम टाळावेत. आधीच्या तुकडीतल्या दोघांना फोन करून एवढंच विचारावं: तुमची कॉपी तिथे कुणी तपासली का?

त्या पत्रकार महिलेला पहिल्या ठिकाणी नकार आला. तो प्रस्ताव पाण्याच्या ‘अभ्यासा’चाच होता. विड्यांच्या वह्यांचा प्रस्ताव देशातल्या एका छोट्या रिपोर्टिंग फेलोशिपसाठी निवडला गेला. सोलापूर न सोडता, आठवड्याची सुटी आणि शिल्लक रजा धरून त्यांनी काम केलं. तीन-चार घरांत वही दुसऱ्याच महिन्यात बंद पडली, कारण लिहिणारी मुलगी शाळेच्या सुटीत गावी गेली. म्हणून पुढे त्या दर रविवारी स्वतः जाऊन आठवड्याचे आकडे विचारून घेऊ लागल्या, आणि अहवालात कुठली नोंद वहीतली, कुठली आठवणीतून सांगितलेली, हे वेगवेगळं दाखवलं. पुढच्या वर्षी त्या परदेशातल्या कार्यक्रमासाठी अर्ज करणार आहेत. त्यासाठी रोज अर्धा तास इंग्रजी बातमी मोठ्याने वाचणं आणि तिचा सारांश लिहिणं चालू आहे. दोन शिफारसपत्रांपैकी एक संपादकांचं असेल, दुसरं त्यांचं काम जवळून पाहिलेल्या, पण त्यांचे वरिष्ठ नसलेल्या व्यक्तीचं. दोघांनाही अंतिम मुदतीच्या सहा आठवडे आधी कात्रणं आणि प्रस्ताव द्यायचे, असं ठरलं आहे.