पेपरनंतरचा पेपर

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. गणिताची घटक चाचणी असली की सकाळी पोटात कळा येतात, दोनदा-तीनदा संडासला जावं लागतं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. आदल्या रात्री घडाघडा सोडवलेलं गणित पेपरात आठवत नाही. सासूबाई म्हणतात, नाटकं आहेत. क्लास बदलावा का? पेपर झाल्यावर आम्ही दोघं तिला घेऊन बसतो आणि प्रत्येक प्रश्नाचे किती मिळतील ते मोजतो. तेव्हा तर रडारडच होते.
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : क्लास राहू द्या. सासूबाईंना सांगा, कळा खऱ्या आहेत. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं. अ‍ॅड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि आतडी वेडीवाकडी आवळतात. हे कुणाला ठरवून करता येत नाही. मात्र सुट्टीतही पोट दुखत असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा.

गणितच का अडतं, तेही सांगते. वजाबाकी करताना हातचा घेतलेला, समीकरणात चिन्ह बदललेलं, असं दोन-तीन गोष्टींचं भान एकदम ठेवावं लागतं. ती जागा मुळात थोडी, त्यात ‘घरी काय सांगू?’ हा विचार येऊन बसला की हातचा निसटतो. गणित येत असतं, धरून ठेवता येत नाही. वर्गात पर्यवेक्षण करताना मला अशी मुलं लांबून ओळखू यायची. तीच ओळ खोडून तिसऱ्यांदा लिहीत असायची.

आता तुमच्या पत्राचा शेवट. तुम्ही तो जाता जाता लिहिलाय, पण मला सगळी गोम तिथेच दिसते. सातवीत मुलांना त्याच वर्गात मागे ठेवत नाहीत, आपल्याकडे मागे ठेवण्याचा नियम आहे तो पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेला. म्हणजे नापास होण्याची तिला धास्ती असायचं कारण नाही. तिला धास्ती आहे ती दुपारी तुमच्या दोघांसमोर बसण्याची. तो पेपर तोंडी, परीक्षक दोन, आणि चुकलेलं आता काही केल्या दुरुस्त होणार नाही. एवढं करून तुमच्या हाती काय लागतं? मार्क तर बाई आठवड्याने देणारच आहेत.

तेव्हा ती मोजणी आजपासून बंद. घरी आली की जेवायला वाढा. ‘कसा गेला?’ एवढं विचारा आणि ‘बरा’ म्हणाली तर ‘बरा’च धरा. तपासलेली उत्तरपत्रिका हातात आल्यावर, तिची तयारी असेल तेव्हा चुका बघा. एका बैठकीत दोन गणितं पुरेत. आणि बाबांनाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते संध्याकाळी ऑफिसातून येऊन तेच सुरू करतील.

रविवारी सकाळी जुनी प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, वही-पुस्तक लांब ठेवून सोडवू दे. पहिली सोपी निवडा. चाचणीच्या आदल्या रात्री नवं काही काढू नका. पेपर हातात आला की आधी कच्च्या कामाच्या जागेत सूत्रं उतरवून काढायची, म्हणजे ती डोक्यात सांभाळत बसावं लागत नाही. मग सगळा पेपर वाचून येणाऱ्या गणितांवर खूण करायची आणि तिथून सुरुवात. धडधड वाढलीच तर पेन खाली ठेवून चार-पाच वेळा श्वास सावकाश, लांब सोडायचा.

एक उपाय विचित्र वाटेल, पण करून बघा. पेपरच्या आधी दहा मिनिटं, वाटणारी भीती कागदावर लिहून काढायची. शिकागो विद्यापीठातल्या जेरार्डो रामिरेझ आणि शॉन बायलॉक यांनी हे नववीच्या मुलांवर अजमावलं आणि 2011 साली ‘सायन्स’मध्ये मांडलं. जास्त घाबरणाऱ्या मुलांचे मार्क त्याने सुधारले. तो कागद तुम्ही वाचायचा नाही, फाडू दे तिला.

एवढं करूनही शाळेत जायलाच नकार आला किंवा ‘मी नसलेलीच बरी’ असलं काही तोंडून निघालं, तर थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलतात.

प्रश्न : नातू दहावीत. एकच ठरलेला निळा पेन ‘लकी’ म्हणून धरून बसलाय. तो नसला तर पेपरला जाणार नाही म्हणतो. ही अंधश्रद्धा मोडावी म्हणून पेन काढून घेऊ का?
– एक आजोबा, कणकवली

उत्तर : आजोबा, फेब्रुवारीत समाजसुधारणा नको! पेन राहू द्या. त्याच कंपनीचे आणखी दोन आणा आणि घरच्या सराव पेपरांना पाळीपाळीने तिन्ही वापरायला लावा. दुसऱ्या पेनानेही उत्तरं उतरतात हे त्याचं त्यालाच दिसेल, तुम्ही बोलून दाखवू नका. सकाळचा पेपर 11चा, केंद्रावर साडेदहाला पोचायचं असतं. त्या घाईत पेन शोधणं नको, तिन्ही पेन हॉल तिकिटासोबत पाऊचमध्ये रात्रीच भरा. आणि त्या लकी पेनाची रिफिल किती उरलीय, तेवढी आजच उजेडात धरून बघा.