"पोराला कशाला सांगायचं?"

"तसं काही विशेष नाही मॅडम, पण मुलाचं जरा विचारायचं होतं." कोरोनामुळे २०२० च्या मार्चच्या मध्यावर शाळा बंद झाल्या, तेव्हापासून मला, समुपदेशक म्हणून, असे फोन सुरू झाले आणि मे संपत आला तरी थांबले नव्हते. कुणाची मुलगी दिवसभर मोबाईलला चिकटलेली. कुणाचा दहावीतला मुलगा भूगोलाचा पेपर झालाच नाही म्हणून पुस्तकं मिटून नुसता आढ्याकडे बघत पडलेला. कुणाकडे भावंडांची सकाळपासून मारामारी, तर कुणाचं पाच वर्षांचं पोर पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलेलं. तक्रारी निराळ्या, पण दहा मिनिटं बोलू दिलं की बहुतेक आईबाप एकाच ठिकाणी येत: या सगळ्याची झळ पोरांना लागू नये म्हणून काय करू?

माझं उत्तर ऐकून काही जण नाराज होत. झळ लागून गेलेली आहे, असं मी सांगे. शाळा बंद, रस्त्यावर पोलीस, बाबा भरदिवसा घरात, आजीच्या तोंडाला रुमाल. हे सगळं मुलाने बघितलेलं आहे. आता ती झळ त्याने एकट्याने सोसायची की तुमच्या सोबतीने, एवढंच ठरवायचं उरलंय.

एप्रिलच्या मध्यावर देवगड तालुक्यातल्या एका गावातून एका आईचा फोन आला. (कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला आपण सोहम म्हणू.) सोहम पाचवीत. शासनाने पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द केल्या तेव्हा हा वाडीभर उड्या मारत फिरला होता. मग पंधरा दिवसांत पोर बदललं. जेवण कमी झालं. आईच्या मागे मागे फिरायला लागला. हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली. शिवाय रात्रीचं एक होतं, ते सांगताना ती अडखळली.

"रात्री उठून पडवीत जातो. आजोबा तिथे बाजेवर झोपतात. त्यांच्या नाकाखाली बोटं आडवी धरून उभा राहतो. मी परवा दाराआडून बघितलं. स्वतःचा श्वास रोखून धरलेला असतो त्याने. बोटांना वारा लागला की येऊन झोपतो. तासाभराने परत उठतो."

घरात सगळे उपाय करून झाले होते. टीव्ही बंद केला, दृष्ट काढली, देवाला गाऱ्हाणं घातलं. "कोणाला काही होणार नाही रे" हे तर रोज दहा वेळा. आता माझ्याकडून एकच अपेक्षा होती, त्याच्या मनातली भीती काढून टाका.

मी सोहमबद्दल काही न विचारता वेगळंच विचारलं. "घरात आणखी कोणाकोणाची झोप उडाली आहे?"

बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाली, "ह्यांची."

ह्यांची आंब्याच्या कलमांची बाग. ऐन तोडीच्या दिवसांत गाड्या मिळेनात, वाशीचा बाजार कधी चालू तर कधी बंद, बागेतले गुरखे इथेच अडकलेले. त्यांची मजुरी चालू, फवारणीचं देणं अंगावर, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. आणि यातलं एक अक्षर मुलाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, असा नवराबायकोने ठराव केलेला.

माझा कल सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी मूल एकटं कधी बघत नाही. मूल ज्याच्या अंगाला बिलगतं त्या माणसासकट बघते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी मनोविश्लेषकांनी तिथल्या हॅम्पस्टेडला लहान मुलांसाठी निवास चालवले होते. त्यांच्या निरीक्षणांनी मला या कामात फार शिकवलं. बॉम्बपेक्षा आईबापांपासून तुटणं मुलांना जास्त हलवून सोडत होतं, आणि बॉम्बच्या आवाजात ज्यांची आई शांत होती ती मुलं बरीच निभावून गेली. मोठ्या माणसाचा चेहरा हीच लहान मुलाची बातमी. टीव्ही बंद करता येतो, चेहरा कसा बंद करणार?

दुसऱ्या दिवशी वडिलांशी बोलले. माणूस सरळ, पण नाखूश. "पोराला आंब्याचं कशाला सांगायचं? आमच्या बापाने कधी आम्हाला घरातलं कर्ज सांगितलं नाही."

"मग तुम्हाला कळलं नव्हतं?"

ते हसले. "कळलेलं. आईच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या तेव्हा."

त्यावर मी काही बोलले नाही. समुपदेशकाने कधी गप्प बसायचं हे पुस्तकात सापडत नाही, ते वर्षानुवर्षं ऐकत बसल्यावर जमतं. पलीकडे तेही गप्प होते. फोन ठेवताना म्हणाले, "तुम्ही एकदा त्याच्याशी बोला."

सोहमशी बोलताना मी भीतीचं नावसुद्धा काढलं नाही. घाबरलेल्या मुलाला "तुला कशाची भीती वाटते?" असं थेट विचारलं की ते "कशाची नाय" म्हणतं आणि दार लावून घेतं. मी विचारलं, यंदा आंबा कसा आहे?

"बरा आहे. पण गाडी नाय."

"मग आंबे कुठे ठेवलेत?"

"अढी घातलीय. माळ्यावर पण. सगळ्या घराला वास."

"बाबा काय म्हणतात?"

"बाबा सड्यावर जातात फोन करायला." मग जरा थांबून, "घराकडे पण रेंज येते, तुळशीपाशी. तरी सड्यावरच जातात."

इथे मी कान टवकारले. मला आईने सांगितलं होतं की घरात रेंज नसते म्हणून सगळे सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळमाळावर, जातात. दहा वर्षांच्या पोराने ती गोष्ट मुळातच पकडली होती.

"तू गेलास कधी त्यांच्या मागे?"

"एकदा. काजूच्या झाडाखाली बसलेलो."

"काय ऐकू आलं?"

मागे कोंबडा आरवत होता. कोणीतरी कळशी भरत होतं. मी घाई केली नाही.

"बाबा म्हणाले, आता दिवस किती राहिले? मे अर्ध्यावर आला की संपलंच सगळं."

"काय संपणार, सोहम?"

"आजोबा."

बाप बोलत होता हंगामाचं. मेच्या मध्यानंतर हापूस सरत येतो, त्याआधी माल गेला नाही तर वर्ष गेलं, हे तो कुणा व्यापाऱ्याला सांगत होता. आणि काजीखाली बसलेल्या पोराने आजोबांचा खोकला त्याला जोडला. म्हाताऱ्या माणसांना धोका हे टीव्हीवर ऐकलेलं त्यात मिळवलं. आजोबांना बाजारात जायची बंदी झाली, आई त्यांचं ताट वेगळं धुते, बाबा खालच्या आवाजात बोलतात, हेही त्यात धरलं. बेरीज बरोबर केली होती त्याने, फक्त आकडे दुसऱ्याच हिशेबातले होते. लपवलेली गोष्ट मुलांना कळत नाही असं आपण धरून चालतो. काहीतरी लपवलं जातंय एवढं त्यांना नेमकं कळतं, आणि राहिलेली जागा ती स्वतः भरतात. ती बहुतेकदा आपल्यापेक्षा भयंकर भरतात.

एका वाक्यात मी त्याचा गैरसमज तिथेच दूर करू शकले असते. केला नाही. ते वाक्य माझ्या तोंडून ऐकून तो त्या रात्री झोपला असता, आणि पुढच्या वेळी बाबा सड्यावर निघाले की पुन्हा काजीखाली जाऊन बसला असता. मी विचारलं, "हे बाबांना तू सांगशील, की मी सांगू?" म्हणाला, "तुम्ही सांगा. मी तिथे असेन."

संध्याकाळी सगळे तुळशीपाशी जमले, फोन स्पीकरवर. वडिलांना मी आधीच दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. खोटं आश्वासन द्यायचं नाही, आणि बोलताना आवाज बदलला तर बदलू द्यायचा. त्यांनी अढीपासून कर्जापर्यंत सगळं सांगितलं. किती पेट्या पडून आहेत, किती गेल्या, भाव काय मिळतोय, सोसायटीचा हप्ता कधीचा. शेवटी म्हणाले, "मलाच झोप लागत नाही रे." मला ऐकू येत होतं, आवाज बदलला होता.

सोहमचा प्रश्न एकच. "म्हणजे आजोबांना काय नाय झालेलं?"

"माका काय झाला हा?" आजोबा एकदम कडाडले. "बिडीचो खोकलो तो, तुझ्या बापाशीच्या जन्माआधीचो! आसंय मी. कित्याक भियातस?"

"पण कोरोना झाला तर?"

आईबाप दोघंही गप्प. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात आजोबाच बोलले. "झालो तर दवाखानो आसा, तुझो बापूस आसा, तू आसस."

यापेक्षा चांगलं उत्तर मी देऊ शकले नसते. होणारच नाही असं ते म्हणाले नाहीत. झालं तर कोण काय करेल, एवढंच त्यांनी सांगितलं. घाबरलेल्या मुलाला लागतं ते हेच. "काही होणार नाही" हे वाक्य मुलाला पटत नाही, कारण ते बोलताना आपल्यालाच पटलेलं नसतं. त्याऐवजी, आजोबा बाजारात जात नाहीत ते का, ताप आला तर कोणाला फोन करायचा, गाडी कोणाची, हे त्याच्यासमोर ठरवा.

सांगण्याआधी मुलाला काय माहीत आहे ते विचारा. त्याची माहिती आणि तुमची भीती यांची गाठ अनेकदा पडतच नाही. बातम्या दिवसातून एकदा, मुलाच्या शेजारी बसून बघा, नंतर टीव्ही बंद. आणि त्याला खरं काम द्या. 'मदत कर हं' छापाचं लुटुपुटूचं नको. सोहमकडे पेट्यांची वही आली. पाच डझनाच्या किती, सहाच्या किती, कोणाची गाडी, कोणाचे पैसे यायचे. आजोबा त्याला चौदा आणे तयार झालेलं, म्हणजे काढायला योग्य झालेलं फळ कसं ओळखायचं ते शिकवायला लागले. अभ्यासाचं काय, असं आईने विचारलंच. मी म्हटलं, ही वही म्हणजे गणितच आहे, जूनपर्यंत पुरेल.

रात्रीचं लगेच थांबलं नाही. मी सुचवलं की सोहमचं अंथरूण पडवीत, आजोबांच्या बाजेशेजारीच घाला. वडिलांना ते लाड वाटले. पण घाबरलेलं मूल जवळ घेतलं तर लाडावतं हा आपल्याकडचा जुना गैरसमज आहे. पोटभर जवळीक मिळालेलं मूल आपणहून लांब जातं. पंधरा दिवसांत तो रात्रभर झोपायला लागला. हात मात्र जास्तच धुवायचा. त्यावर एवढंच ठरलं की बाहेरून आल्यावर, जेवणाआधी आणि शौचानंतर वीस सेकंद धुवायचे, आणि रात्री आईने बोटांना खोबरेल लावायचं. माझ्या मते ते तेलच जास्त काम करत होतं.

सगळ्याच घरांत गोष्ट एवढ्यावर निभावत नाही. झोप, जेवण, खेळ तिन्ही आठवडेच्या आठवडे बिघडलेले राहिले, मूल बोलायचंच बंद झालं किंवा मरणाचं बोलायला लागलं, तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला फोन करा. आणि बापाची झोप उडाली असेल तर त्याने स्वतःसाठीही करावा. मुलाच्या निमित्ताने आलेले कितीतरी फोन मला शेवटी बापाचेच वाटतात.

मे संपत आला तेव्हा सोहमच्या वडिलांचा फोन आला. मुंबईहून धाकटा भाऊ प्रवासाचा पास काढून गावाला आलाय, बाहेरून आलेल्यांना वेगळं ठेवायचं म्हणून चौदा दिवस शाळेत राहणार. काका म्हणजे सोहमचा जीव, आणि काकाला लांबूनच बघायचं. "सांगू का त्याला?" त्यांनी विचारलं. आधी त्याला काय माहीत आहे ते विचारा, मी म्हटलं. त्यांनी तिथूनच हाक मारली.

सोहमला सगळं माहीत होतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की काकाला पाचवीच्या वर्गात ठेवू नका, तिथला पंखा चालत नाही, सहावीच्या वर्गात झोपवा.