मोड, थाट की मूर्च्छना?

एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नाशिकला गंगापूर रोडवर गिटार शिकते. सरांनी तिच्या वहीत लिहून दिलं, ‘कॉर्ड प्रोग्रेशन सपाट वाटतंय, मोड वापरून बघ.’ कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार स्वर, प्रोग्रेशन म्हणजे कॉर्डचा एकामागून एक येणारा क्रम, आणि मोड म्हणजे पाश्चात्य संगीतातली सात स्वरांची पंक्ती. घरचे या वाक्याचं मराठी करायला बसले आणि तिथेच वाद पेटला. आजोबा जन्मभर पेटी वाजवत आलेत, ते म्हणाले, मोड म्हणजे आपला थाट. त्यांच्या भजनी मंडळातले तबलजी म्हणाले, थाट नव्हे, मूर्च्छना. आजी म्हणाल्या, मोड हवे होते तर मटकी कालच भिजत घालायची ना! तर बरोबर कोण?

आधी आजींचं बघतो. मिसळीच्या गावात मोड म्हटल्यावर मटकी आठवली तर त्यात हसण्यासारखं काही नाही. मराठीत मोड आधीपासून निरनिराळे आहेत. मटकीला फुटतो तो मोड पुल्लिंगी. ‘शंभराची मोड आहे का?’ यातली मोड स्त्रीलिंगी. सराफ बाजारात जुन्या पाटल्या देऊन नव्या घडवतो तेव्हा जुनं सोनं मोडीत जातं, ती आणखी एक. त्यात मोबाइलने सायलेंट मोड आणून बसवला आणि आता गिटारने डोरियन मोड. इतकी गर्दी असूनही घोटाळा होत नाही, कारण व्याकरणाने घरच्या आणि पाहुण्या मोडला वेगळ्या पाटांवर बसवलंय. उसळ ‘मोडाची’ असते, पण चाल ‘डोरियन मोडची’. घरच्या शब्दाला सामान्यरूपाचा ‘आ’ लागतो, पाहुण्याला लागत नाही. टेबल, पेन कधीच घरचे झाले, म्हणून आपण टेबलावर, पेनाने म्हणतो. कॉलेज अजून ओसरीवरच आहे, कुणी ‘कॉलेजात’ म्हणतं, कुणी ‘कॉलेजमध्ये’. संगीतातला मोडही तिथेच उभा आहे. त्याला आत घ्यायचा की त्याच्या जागी घरचा माणूस पाठवायचा, एवढाच खरा प्रश्न.

मूळ लॅटिन ‘मोडुस’ म्हणजे माप, रीत. डोरियन, फ्रिजियन, लिडियन ही नावं ग्रीकांमधल्या आणि त्यांच्या आसपासच्या लोकांची आणि मुलखांची. मध्ययुगातल्या चर्चच्या पंडितांनी ती उचलली, पण भलत्याच स्वरपंक्तींना चिकटवली, आणि ती चूक आज जगभर बिनतक्रार शिकवली जाते. १५४७ साली ग्लारेआनुस या स्विस पंडिताने आयोनियन आणि एओलियन ही नावं जोडली. शब्द चुकून बसला तरी बसला की बसतो, त्याचा हा सुरेख नमुना. आपण कुठे वेगळे आहोत म्हणा.

आता थाट. हा शब्द रोजच्या मराठीत ऐकताना डोळ्यांसमोर थाटमाट येतो, पण खरा अर्थ ‘थाटणे’मध्ये टिकून आहे. दुकान थाटतात, संसार थाटतात, म्हणजे मांडतात, बसवतात. सतारीवर पडदे सरकवून स्वर बसवतात तीही मांडणीच. ज्या सतारीवर पडदे मोजके असतात आणि रागाप्रमाणे सरकवावे लागतात तिला ‘चल थाट’ म्हणतात, सगळे पडदे कायमचे बसवलेले असतील तर ‘अचल थाट’. त्या हिशेबाने गिटार अचल थाटाची. संगीतशास्त्रज्ञ पं. भातखंड्यांनी हिंदुस्थानी रागांसाठी जे दहा थाट ठरवले, ते या मांडण्यांची वर्गवारी आहे. थाटात सातही स्वर हवेत, क्रमाने हवेत, आणि थाट गायचा नसतो. गायचा तो राग. त्यामुळे मोडला ‘राग’ म्हणण्याचा जो मोह काही गिटारवाल्यांना होतो तो आवरलेला बरा. भैरवी थाटात सात स्वर, पण ठुमरी रंगवणारा गवई भैरवीत बाराच्या बारा स्वर लावून मोकळा होतो.

मूर्च्छना हा शब्द बिचारा मूर्च्छेमुळे बदनाम. ‘मूर्च्छ्’ धातूला बेशुद्ध पडणे हा एक अर्थ आहे तसाच दाट होणे, पसरणे, वाढणे हाही आहे. वैद्य तेलाची मूर्च्छना करतात ती तेलाला झोपवायला नव्हे, संस्कार करायला. नाट्यशास्त्रात भरताने षड्जग्राम आणि मध्यमग्राम, दोन्हींच्या सात-सात मूर्च्छना सांगितल्यात. ग्राम म्हणजे त्या काळची सात स्वरांची मूळ पंक्ती. ग्रामाचे स्वर तेच ठेवायचे आणि आरंभ एकेका स्वरापासून करायचा. नावं तरी काय: उत्तरमंद्रा, रजनी, अश्वक्रांता! डोरियन-फ्रिजियनपेक्षा किती गोड.

एवढं ऐकून तबलजींचं पारडं जड वाटेल. पांढरी एक, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, तिथपासून पांढऱ्याच पट्ट्या वाजवल्या की बिलावल थाट, म्हणजे आयोनियन. त्याच पट्ट्या पांढरी दोनला सा मानून वाजवल्या की डोरियन, म्हणजे काफी. ही मूर्च्छनाच आहे, यात वाद नाही. पेटी घरात आहेच तर आजोबांना काळ्या पट्ट्याही विचारा. नुसत्या पाच काळ्या, पांढरीला हात नाही. काळी तीनला सा धरला तर भूप. तेच पाच स्वर काळी पाचला सा धरून वाजवले की मालकंस. काळी एकवर दुर्गा, काळी दोनवर धानी, काळी चारवर मध्यमाद सारंग. पट्ट्या पाच, बोटं तीच, आणि घरं पाच वेगळी. पं. जसराजांनी मांडलेल्या जसरंगी जुगलबंदीत हेच तत्त्व आहे. गायक आणि गायिका आपापला सा, आपापला राग घेऊन बसतात आणि एकाचा मध्यम दुसऱ्याचा षड्ज होतो.

पण तुमच्या मुलीच्या सरांचं वाक्य मूर्च्छनेवर भागत नाही. का, ते मला शब्दकोशातून नाही, घरच्या एका संध्याकाळी कळलं.

दिवाळीत भाचा आमच्याकडे पंचवटीत राहायला होता, गिटारसकट. म्हणाला, ‘मामा, डोरियन ऐका.’ त्याने डी मायनर, जी मेजर, सी मेजर अशी कॉर्डची फेरी सुरू केली. (सी म्हणजे पांढरी एक, डी पांढरी दोन, जी पांढरी पाच. कॉर्डच्या तळच्या स्वराला सा मानून मधला स्वर शुद्ध ग असेल तर ती मेजर, कोमल, म्हणजे एक पट्टी उतरलेला ग असेल तर मायनर.) मी पेटी ओढली. दोन फेऱ्यांत माझं बोट आपोआप पांढरी एकवर जाऊन थांबलं. म्हटलं, ‘अरे, हे बिलावलच आहे की!’ तो हट्टाने म्हणे, ‘पण मी डीपासून सुरू केलंय ना!’ सुरू कुठूनही कर, कान घरी कुठे जातो ते महत्त्वाचं, आणि कान सीला जाऊन बसत होता. मग मी पांढरी दोन दाबून धरली, तिचा खर्जही धरला, आणि त्याला सांगितलं, सी गाळ, डी मायनर आणि जी मेजर एवढ्या दोनच कॉर्डमध्ये झुलत राहा. तिसऱ्या-चौथ्या झोक्याला काफी समोर, होळीच्या गाण्यांतली. आतून बहीण ओरडली, ‘होळी आत्ताच आली का रे?’ तिला मोड माहीत नाही, थाटही नाही. तिने काफी ओळखली.

आपल्याकडे हे काम तानपुरा करतो. तो सा सोडत नाही, म्हणून थाट बदलला की बदल लगेच ऐकू येतो. कॉर्डच्या संगीतात तानपुरा नसतो. तिथे घर कोणतं ते खालचा बेस आणि पुन्हापुन्हा परतून येणारी कॉर्ड ठरवतात. भाच्याने मूर्च्छना केली होती, पण सा हलवलाच नव्हता. आणि सरांना तर सा हलवायचाच नाहीये. गाणं जिथे आहे तिथेच राहणार आहे. त्यांना एक-दोन स्वर बदलायचेत, म्हणजे कॉर्ड बदलतील.

ते कसं होतं ते सरगमने बघा, गिटार न येणाऱ्यालाही पेटीवर करता येईल. पांढरी एक सा. नेहमीची घासून गुळगुळीत झालेली फेरी: साची कॉर्ड सा-ग-प, मग ध-सा-ग, मग म-ध-सा, मग प-नि-रे. अर्धी फिल्मी आणि तीनचतुर्थांश कॉलेजच्या गॅदरिंगची गाणी यावर उभी आहेत. सगळे स्वर शुद्ध, सगळं बिलावल. आता नि कोमल करा, म्हणजे खमाज, त्यांच्या भाषेत मिक्सोलिडियन. प-नि-रे मेजर होती, ती मायनर झाली, घरी ओढणारा शुद्ध नि गेला. पण बदल्यात कोमल नि-रे-म ही नवी मेजर कॉर्ड हाती लागली, काळी पाचवर उभी. साच्या कॉर्डवरून तिच्यावर या, मग म-ध-सा, मग घरी. त्या जुन्या फेरीशेजारी ही वाजवून बघा. पहिली शेवटच्या पायरीवर दार ढकलून घरात येते, ही अंगणातून रमतगमत येते.

नि शुद्धच ठेवून म तीव्र केला, एक पट्टी वर चढवला, की कल्याण, म्हणजे लिडियन. मग रे-तीव्र म-ध ही मेजर कॉर्ड मिळते. साच्या कॉर्डवरून थेट तिच्यावर चढलं की गच्चीत आल्यासारखं मोकळं वाटतं. काफी आणि आसावरीतला फरक तर एका धैवताचा. दोन्हींत सा-कोमल ग-प ही घरची कॉर्ड मायनर, पण काफीत ध शुद्ध म्हणून म-ध-सा मेजर राहते, आसावरीत ध कोमल म्हणून तीच मायनर होते. भाच्याच्या दोन कॉर्डमध्ये काफी का उघडी पडली, ते इथे दिसतं. त्याची जी मेजर म्हणजे डीच्या घरातली म-ध-सा, शुद्ध धैवताची. भैरवी म्हणजे फ्रिजियन. घरच्या मायनर कॉर्डला लागूनच कोमल रे-म-कोमल ध ही मेजर येते, एका पट्टीच्या अंतरावर, आणि काळजात कालवाकालव होते.

पूर्ण थाट बदलायचीही गरज नसते. बिलावलच्या फेरीत फक्त एकदा, म-ध-साच्या जागी म-कोमल ध-सा घालून बघा. एक काळी चार, बस्स. आसावरीकडून उसना आणलेला स्वर, काम झालं की परत. याला आपल्या गवयांकडे तयार शब्द आहे, ‘तिरोभाव’ नाही का, असं कुणी विचारेल. जवळ आहे, तोच नाही. तिरोभावात रागाचं रूप क्षणभर झाकायचं असतं. इथे झाकायचं काही नाही, एक खिडकी उघडायची आहे. मी याला ‘उसना स्वर’ म्हणतो. शेजारून वाटीभर साखर आणावी तसा.

तेव्हा निकाल. मोड कसा निघतो हे शिकवायचं असेल तर मूर्च्छना, तबलजी बरोबर. तोच सा धरून कोणते स्वर बदलले हे सांगायचं असेल तर थाट, आणि सरांच्या वाक्यात नेमकं हेच आहे, म्हणून या खेपेला आजोबा बरोबर. वहीत मराठी लिहायचं तर असं लिहा: ‘कॉर्डची फेरी सपाट वाटते, सा तोच ठेवून थाट बदलून बघ.’ क्लासमध्ये बोलताना मात्र मुलीने खुशाल मोड म्हणावं. डोरियनला डोरियनच म्हटलेलं बरं, कारण काफी म्हटलं की त्यामागून काफीचा सगळा गोतावळा येतो, आणि तो गिटारच्या चार कॉर्डना झेपणारा नाही.

प्रोग्रेशनबद्दल विचारलं नाहीत, पण राहवत नाही. भाषांतराच्या यंत्राने केलेली ‘जीवा प्रगती’ मी एका ठिकाणी वाचली आहे. कॉर्ड म्हणजे वर्तुळाची जीवा आणि प्रोग्रेशन म्हणजे प्रगती, भूमितीच्या तासाला प्रगतिपुस्तक वाटल्यासारखं. ‘चाल’ म्हणावं तर ती गाण्याला लागलेली असते. कॉर्ड फिरून घरी येतात म्हणून मला ‘फेरी’ आवडतो. पंचवटीत राहणाऱ्याला पंचक्रोशीची सवय असते, त्याचाही परिणाम असेल.

एक हिशेब राहिला. मोड सात आणि थाट दहा, पण जुळतात सहाच. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी पांढऱ्या पट्ट्यांवर कुठूनही सुरुवात केली तरी सापडत नाहीत. सरांना हे चार थाट दाखवा, खूश होतील. भैरवात तर सा-ग-प मेजर आणि तिच्या डोक्यावर कोमल रे-म-कोमल ध तीही मेजर, हे जोडपं सातांपैकी एकाही मोडमध्ये नाही. उलट पांढरी सातवरून निघणारा लोक्रियन आपल्याकडे नाही. त्यात पंचमच जागेवर नसतो, आणि आपला पंचम अचल. तेव्हा सरांनी कधी वहीत ‘लोक्रियन’ लिहून दिलं, तर आजोबांना त्याचा थाट विचारू नका. रात्रभर पेटी घेऊन बसतील.