आजोबांना ८९व्या वर्षी रेडिएशन झेपेल का?

तुमच्या आजोबांचा प्रोस्टेटचा कॅन्सर कमरेच्या हाडात गेलाय आणि डॉक्टर दुखण्यासाठी रेडिएशन म्हणतायत, बरोबर ना? मग झेपेल बहुतेक. नुसतं वय बघून नाही म्हणू नका, आजोबा स्वतः उठून बाथरूमला जातात का, जेवतात का, हार्ट-किडनी कशी आहे, ते जास्त महत्त्वाचं.

आमच्या आजीला, ती ८६ची, हाडाच्या दुखण्यासाठी एकच बैठक दिली, ८ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं माप). दहा दिवस द्या नाहीतर एकदाच द्या, दुखणं साधारण सारखंच कमी होतं, फक्त एकदाच दिलं तर पुढे परत द्यावं लागायची शक्यता जास्त असते. आम्ही गोव्यात पेडण्याहून बांबोळीच्या हॉस्पिटलपर्यंत रोज गाडी करून तिला कुठे नेणार होतो, म्हणून एकदाच द्या म्हटलं. मशीनवर काहीच कळत नाही हो, त्रास झाला तो त्या कडक टेबलावर सरळ पडून राहायचा, तर अर्धा तास आधी पेनकिलर द्यायला सांगा.

पहिले दोनतीन दिवस दुखणं उलट वाढू शकतं, घाबरू नका, डॉक्टरांना फोन करा, त्यावर गोळी असते. फरक पडायला दोनतीन आठवडे जातात आणि दहातल्या साधारण सहांनाच पडतो, हे आधीच विचारून घेतलेलं बरं. त्या जागी बाम नि तेल चोळायचं नाही (आमच्या शेजारणीने आणून दिलंच होतं!). आजी तिसऱ्या आठवड्यात सोप्यावर बसून पेज जेवली.

आणि आजोबांना स्वतःला विचारलंत का?