नोंदणीच्या पानावरच गिऱ्हाईक परत जातं

प्रश्न : आम्ही सांगलीहून हळद आणि बेदाणा ऑनलाइन विकतो. गिऱ्हाईक माल निवडतं, पण नोंदणी अर्धवट सोडून जातं. काय बदलू?

उत्तर : ताई, तुमचा फॉर्म मी मिरजेच्या माझ्या मावशीला भरायला दिला आणि शेजारी गप्प बसले. पासवर्डात एक मोठं अक्षर, एक चिन्ह हवं, हे वाचून तिनं चष्मा काढला. ओटीपी बघायला मेसेज उघडला, परत येते तो फॉर्म कोरा! पत्ता पुन्हा लिहायचा म्हटल्यावर तिनं फोनच खाली ठेवला. मला फार वाईट वाटलं, कारण हळद तिला खरंच हवी होती.

तेव्हा पासवर्ड काढाच, मोबाईल नंबर आणि ओटीपी पुरे. भरलेलं पुसलं जाऊ देऊ नका. नंबराच्या रकान्यात आकड्यांचाच कीबोर्ड उघडू दे. पिनकोड 416416 टाकला की सांगली, महाराष्ट्र आपोआप यावं. जन्मतारीख कशाला विचारता? हळदीला वय लागत नाही. चूक झाली तर त्याच रकान्याखाली मराठीत सांगा : ‘नंबर 10 आकडी हवा, एक कमी आहे.’ खातं उघडायचं का, हे पैसे भरून झाल्यावर विचारा.

बदल झाले की कळवा, मावशीला पुन्हा बसवते.